पुढचा!

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये," अशी अट घालूनच म्हातारे डॉक्टर गोष्टीला हात घालत. त्यांच्या थापा बंदरावर सगळ्यांना पाठ होत्या. वादळात सुटलेली लाँच म्हणे त्यांनी दातांत दोर धरून थांबवली होती. तेव्हापासून सैल झालेल्या दोन दाढा ते पुराव्यादाखल हलवून दाखवत.

त्या दुपारी ऐकणारे दोघंच होते. डॉक्टरांना कायमचं आपल्या घरी न्यायला आलेली पुतणी त्यांची ट्रंक भरत होती. दुसरा तांडेल. त्याने तीस वर्षं डॉक्टरांची लाँच हाकली होती, आणि तो बोलायचा कमी.

"काका, आपण तिघं. कप चार कशाला?"

"सवय." डॉक्टरांनी चारही कपांत चहा ओतला. "आधी ऐक. मग ठरव, मला न्यायचं की नाही ते."

डॉक्टर बंदराच्या नोकरीत होते तेव्हा बाहेरून आलेलं जहाज तपासणीसाठी लांब नांगर टाकून पिवळं निशाण लावायचं. डॉक्टर वर चढून एकेका खलाशाला तपासत. सगळे धडधाकट निघाले तर सही होई, निशाण उतरे आणि माणसं घरी जात. एकाला जरी ताप निघाला, तरी सगळ्यांनी चौदा दिवस किनाऱ्याकडे बघत बसायचं.

गोष्टीतल्या जहाजावर तेवीस नावांची यादी होती. शेवटच्या नावावर रेघ मारलेली. "महिना झाला, वाटेत तापाने गेला. समुद्रातच सोडला," कप्तान म्हणाला.

डॉक्टरांची पद्धत ठरलेली होती. थर्मामीटर द्यायचा, मनगट धरायचं, डोळे घड्याळावर, आकडा कागदावर, की लगेच हाक, "पुढचा!" जीभ बघायची, घसा बघायचा, चेहरा नाही. बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. घरी गेल्यावर "आलात का?" विचारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि चेहऱ्यांकडे बघायची सवयही तेव्हाच मोडली होती.

"बाविसावा झाला. यादी संपली. पण जिभेला हाड असतं का? तोंडातून निघूनच गेलं, 'पुढचा!'"

पुतणी हसली. "आणि आला कुणी?"

"हातातला थर्मामीटर कुणीतरी घेतला."

डॉक्टरांनी सवयीने मनगट धरलं होतं. डोळे घड्याळावर. मनगट गार होतं, पाण्यातून नुकत्याच ओढलेल्या दोरासारखं. सेकंदकाटा अर्धी फेरी फिरला. बोटांखाली एकही ठोका पडला नाही.

"मग वर बघितलंत?"

"नाही."

"का?"

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला.

"बघितलं असतं, तर तिथे कुणी नसतं."

मग ते मनगट वळलं, आणि बोटांनी डॉक्टरांचा हात धरला. घट्ट नाही. गर्दीत लहान मूल धरतं तसा.

वर्षभरात त्यांचा हात आपणहून कुणी धरला नव्हता.

"पुढे?"

"पुढे काय! झटकला हात. थर्मामीटर तो ठेवायच्या कोरड्या पेल्यात पडलेला होता. ओला. पारा तळाशी. बावीस जण ठणठणीत होते, सही केली. जो होता तो राहिला जहाजावर. मी लाँचमध्ये बसलो आणि आलो घरी. एकटा."

पुतणीने ट्रंकेचं झाकण लावलं. "झकास थाप आहे. आता उठा. एकटे अजून किती दिवस काढणार इथे?"

डॉक्टर उठले नाहीत. त्यांचा डावा हात टेबलाखाली होता.

तांडेलाने अजून कप उचलला नव्हता.

"खोटं," तो म्हणाला.

"अरे, अट विसरलास?"

"बाकीचं मी पाहिलेलं नाही, साहेब. पण 'एकटा' हे खोटं." तो चौथ्या कपाकडे बघत होता. "धक्क्याला लागल्यावर तुम्ही उतरलात. मग मागे वळून हात पुढे केलात. म्हणालात, 'जपून, पायरी निसरडी आहे.' मी दोर धरून पुढच्या टोकाला होतो. मागे कुणी नव्हतं."

"भास झाला असेल तुला."

"डोळ्यांना होईल, साहेब. लाँचला कसा होईल? माणूस उतरला, की ती वर उचलली जाते. त्या दिवशी दोनदा उचलली गेली."