कार्डाचा कोपरा

सकाळी नऊच्या ठोक्याला करंजवड्याच्या पोस्टातली उमटणी गुरगुरली, एक कार्ड बाहेर टाकलं आणि गप्प बसली.

उमटणी म्हणजे कपाटाएवढं यंत्र. टपालखातं वर्षानुवर्षं तोट्यात चाललेलं. मोटारींचं डिझेल, रेल्वेचं भाडं, गावोगावचं टपाल वेगळं करणाऱ्या छाटणीवाल्यांचे पगार, काही केल्या मेळ बसेना. शेवटी वरच्या साहेबांनी शक्कल काढली, की पत्रानं प्रवासच करायचा नाही. तिकडच्या पोस्टात पत्र यंत्राच्या तोंडात द्यायचं. यंत्र त्याचा फोटो घेणार, मूळ कागदाचा भुगा करणार, आणि इकडच्या यंत्रातून तेच पत्र, त्याच अक्षरात, तसल्याच शाईत, कोऱ्या कार्डावर उमटणार. त्यात आणखी एक गंमत. फाटक्या-भिजक्या टपालाची भरपाई देऊन खातं टेकीला आलेलं, म्हणून यंत्र जाता जाता पत्राची डागडुजीही करायचं. डाग असला तर पुसायचं, फाटलं असलं तर भरून काढायचं.

करंजवड्याचं पोस्ट तर बंदच व्हायचं होतं. पण पोस्टमन बाजीराव शिंत्रे भर ग्रामसभेत उभा राहून ओरडला, "यंत्र आणा, न्हाईतर हत्ती आणा, पण पोस्ट हलवू नका!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोस्ट टिकलं. तीन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून बाजीराव त्या यंत्राला रोज फडक्यानं पुसायचा, घरच्या म्हशीला पुसावं तसा.

त्यानं कार्ड उचललं, चष्मा पुढं ओढला आणि जागच्या जागी उडालाच.

"मॅडम! वास्कोचं कार्ड! हौसाक्काचं!"

पोस्टमास्तर नसीमा मुल्लाणी, तिशीतली पोरगी, खुर्चीतून हसली. "मामा, लग्न ठरल्यागत काय नाचताय?"

"तेरा वर्सांनी आलंय ओ. नाचू नको तर काय करू?"

हौसाक्काची गोष्ट गावाला ठाऊक होती. धाकटा भाऊ दौलू सुतार. आईच्या आजारपणात कोण किती राबलं, यावरनं दोघांची जुंपली. दौलू म्हणाला, "पुन्हा तुझा आवाज कानावर पडला तर दौलू नाव सांगणार न्हाई," आणि गोव्याला वास्कोत बोटींच्या कारखान्यात निघून गेला. फोन उचलीना. आक्कानं दोनदा केला, त्यानं नंबर बदलला. मग आक्का दरसाल भाऊबीजेला एक कार्ड टाकायची. मजकूर एका ओळीचा, खुशाली कळव. पण टाकायच्या आधी कार्डाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची. भावाच्या कपाळाला लावायचं, ते कार्डाला. जवाब कधी आला नाही.

आणि आता हे आलेलं. अक्षर दौलूचं नव्हतं, पण नाव त्याचंच होतं. बाजीरावानं सायकल हाणली ती थेट आक्काच्या दारात.

"आक्का, बसा आधी. ऐका. 'दौलू सुतार. सोमवार पहाट. हौसाबाईंनी लगेच निघावं.' बास, एवढंच हाय."

आक्कानं कार्ड हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "सोमवारी पहाटं पोचायचं म्हणतोय. अक्षर कुणाचं रं?"

"कुणा जोडीदाराकडनं लिवून घेतलं असंल. सवता लिवायला लाज वाटली आसंल गड्याला."

"लहानपणापास्नं तसाच. चूक कबूल करायची झाली की दुसऱ्याला म्होरं करणार," आक्का म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसली. "उद्याच्या अकराच्या यष्टीनं जाते. नाचणीचं लाडू लई आवडायचं त्याला."

दुसऱ्या दिवशी रविवार. बाजीराव अंगणात दाढी करत बसलेला. आरशात बघता बघता त्याचा हात थांबला. डोळ्यापुढं कार्ड आलं. त्यातल्या ओळी वरच्या उजव्या कोपऱ्यापाशी आखूड पडत गेल्या होत्या. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं, तशी अक्षरं त्या कोपऱ्याला वळसा घालून गेली होती. तिथं काहीच नसताना.

अर्ध्या दाढीवरच त्यानं सदरा चढवला आणि नसीमाच्या घरी जाऊन दार वाजवलं.

"मॅडम, पोस्ट उघडा. मूळ फोटो बघायचाय."

"आज? मामा, तुमच्या गालाला साबण आहे."

"राहू दे साबण. यंत्र फोटो किती दिवस ठेवतंय?"

"सात दिवस. काय झालंय काय?"

तिनं पोस्ट उघडून पडद्यावर कालचा फोटो काढला. जुनाट, पिवळट कार्ड. वरचा उजवा कोपरा नव्हता. खाली यंत्राची बारीक नोंद होती, 'दुरुस्ती: एक.'

"फाटलं असेल हो वाटेत," नसीमा म्हणाली. "मशीननं नीट केलं की."

बाजीराव मट्कन बाकावर बसला. "फाटलं न्हाई, मॅडम. फाडलंय. आमच्यात मयताचं कार्ड असंच धाडत्यात. आधी कोपरा फाडायचा, मग लिवायचं. मेला हा शबुद लिवत न्हाईत. फाटका कोपरा बघितला की घरातली बाई वाचायच्या आधीच रडाय लागती."

नसीमाचा चेहरा उतरला. "म्हणजे सोमवार..."

"गेला सोमवार. आन मी त्ये हसत हसत वाचून दावलं तिला."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

यष्टीच्या थांब्यावर आक्का एकटीच बसली होती. अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं, मांडीवर लाडवांचा डबा, नि डब्यावर ते कार्ड. बाजीरावाला बघून म्हणाली, "का रं, अर्धी दाढी कुणासाठी ठेवलीस? बायकोनं हाकललं काय?"

बाजीरावानं सायकल आडवी टाकली. वाटभर बोलायचं जुळवलं होतं, ते सोडून त्यानं हात पुढं केला.

"आक्का, कार्ड द्या जरा."

तिनं दिलं. त्यानं वरचा उजवा कोपरा दोन बोटांत धरला आणि फाडला. मग कार्ड पुन्हा तिच्या हातात ठेवलं.

आक्कानं कार्डाकडं पाहिलं. रडली नाही. फाटक्या कडेवरनं अंगठा फिरवत राहिली, लहान पोराच्या पडलेल्या दाताच्या जागेवरनं फिरवावा तसा.

"यंत्रानं जोडला हुता, आक्का," बाजीराव म्हणाला. "आन त्ये यंत्र मीच आणवलं गावात."

तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिनं विचारलं, "लिवणाऱ्याला माजा पत्ता कुठनं गावला?"

"तुमच्याच कार्डांवरनं असणार. दौलूच्या ट्रंकेत घावली असतील."

"म्हंजे फेकली न्हाईत त्यानं."

"न्हाई, आक्का. फेकली असती तर ह्यो कागद तुमच्यापतूर आला नसता."

वळणावर यष्टी दिसली. आक्का उठली, डबा काखेला मारला. जायचं तर होतंच, आता वेगळ्या कामाला. पायरीवर एक पाय ठेवून ती मागं वळली आणि तळहातातलं कार्ड त्याच्यापुढं धरलं.

"बाजीराव, खरं सांग. ही तीन सालं म्या बोट लावून कार्डं दिली तुज्या हातात. त्येंचं हळदकुंकू त्या यंत्रातनं माज्या भावापतूर गेलं का रं?"