आठव्या जागेचं वजन

"आत्या, तुझं वजन किती गं?"

भाच्याने हे इतक्या सहज विचारलं, की ओट्यावरून फडकं फिरवणारा तिचा हात जागच्या जागी थांबला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी काय खाल्लंस हेसुद्धा फारसं विचारलं नव्हतं, आणि आज एकदम वजन! तिला उगीच बरं वाटलं. डॉक्टरकडे नेतो की काय हा?

"छप्पन्न असेल. का रे?"

"पोतं भरायचंय."

असं म्हणून तो वहीत आकडा लिहून अंगणात निघूनही गेला. त्यात त्याचा दोष नव्हता, धंदाच तसा होता. तो गाड्यांच्या मासिकात नोकरीला होता आणि दर महिन्याला दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून, घेणाऱ्यांनी कुठली घ्यावी ते सांगायचा. रिकाम्या गाडीची परीक्षा म्हणजे रिकाम्या ताटाची चव, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो सगळ्या जागा भरूनच गाडी चालवून बघायचा, घरचीच माणसं बसवायचा, आणि माणूस कमी पडलं की तितक्याच वजनाचं वाळूचं पोतं पट्ट्याने बांधून बसवायचा.

या महिन्याच्या दोन्ही गाड्या म्हणजे चालती-बोलती घरं होती. तीन-तीन रांगांच्या, पायरीवर पाय देऊन चढावं लागेल इतक्या उंच. एक काळी, एक पांढरी. आणि या वेळी नुसतं लिहायचं नव्हतं, या दोनांतलीच एक घरात यायची होती. कारण भाचीला मुलगी झाली होती! डोंगरापलीकडे, सात तासांच्या वाटेवर तिचं घर, आणि सगळ्यांना एकदमच जायचं होतं.

सगळे म्हणजे किती? तिचा धाकटा भाऊ, भावजय, भाचा, सूनबाई आणि त्यांच्या तीन मुली. सात. काल काळ्या गाडीत हे सात जण बसून फिरून आले होते आणि वेडे होऊन परतले होते. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, प्रत्येकीला हात टेकायला जागा, दोन्हींच्या मधून मुलींना मागे जायला वाट, आणि वळणावर गाडी अशी घट्ट, की हातातलं पाणी हिंदकळत नाही! जागा बरोबर सात. पांढरीत मधे तिघांचं सलग बाक, म्हणून जागा आठ. पण तिची चाल मऊ, वळणावर अंग टाकणारी.

"आठवी जागा हवीय कशाला आपल्याला?" भाऊ जेवताना म्हणाला होता. "ताईला तर गाडी लागते."

आणि ती मान खाली घालून म्हणाली होती, "हो ना. मला कुठे यायचंय!"

पण ते खोटं होतं... बत्तीस वर्षांचं खोटं!

गाडी तिला कधीच लागली नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी धाकट्याने पहिली गाडी आणली, पाच जणांची, जुनीच, पण त्याने ती पुसून पुसून आरशासारखी केली होती. त्याच आठवड्यात मामाकडे गेलेली आई तिथेच अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. दारात गाडी उभी, आत जायला माणसं सहा. वडील, भाऊ, भावजय, दोन लहान पोरं... आणि ती. जिने शिलाई मशीनवर शाळांचे गणवेश शिवून शिवून याच धाकट्याला शिकवलं होतं, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की टाचण्या तोंडात धरून मान हलवली होती, ती! भाऊ गोंधळून एकदा गाडीकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याची ती असहाय नजर तिला सोसवली नाही. ती पटकन म्हणाली, "मी नाही येत रे. मला गाडी लागते. तुम्ही जा."

एक वाक्य! पण खोटं हे दत्तक मुलासारखं असतं, एकदा घरात घेतलं की जन्मभर सांभाळावं लागतं. पुढे प्रत्येक लग्न, प्रत्येक सहल, प्रत्येक बारसं, आणि प्रत्येक वेळी तीच दारात उभी राहून हात हलवायची. मग कुलूप, कुंड्या, मांजर, दूधवाला. कुणी तिला गोळ्या आणून द्यायचं, कुणी लिंबू हुंगायला सांगायचं. ती मनापासून आभार मानायची आणि लिंबाचं सरबत करून प्यायची. खरं सांगावं असं कितीदा तरी ओठांवर आलं होतं... पण खरं सांगणं म्हणजे सगळ्या घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं! ज्यांच्यासाठी खोटं बोलायचं, त्यांनाच ते कसं सांगायचं?

आणि परवा भाची फोनवर रडली होती. "आत्या, मला तू वाढवलंस, आई नोकरीवर जायची तेव्हा. माझ्या मुलीला तू हातात घ्यायला हवंस गं! एकदा सोस ना त्रास!" तिचं काळीज विदीर्ण झालं. पण काळी गाडी पसंत पडली होती. सात जागा, सात माणसं. बत्तीस वर्षांच्या खोट्याने स्वतःच्या हाताने तिची जागा पुसली होती, आणि आता काही म्हणजे काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं.

ती अंगणात आली, तेव्हा पांढऱ्या गाडीच्या मागच्या रांगेत खिडकीशी पोतं बसलं होतं. पट्टा बांधलेला, जरासं कलंडलेलं. धाकट्या नातीने त्याला खडूने डोळे काढले होते. "आत्याआजी, ही बघ तू!"

सगळे हसले. तीही हसली. हसता हसता तिला वाटलं, पोत्याचं नशीब बरं, त्याला निदान खिडकी मिळाली.

तेवढ्यात पोत्याची शिवण उसवली आणि वाळू धो धो करून गाडीत सांडली. भाच्याने कपाळावर हात मारला. गाडी दुपारी कंपनीला परत करायची, दुसरं पोतं नाही, आणि चढावर आठ माणसांचं ओझं टाकल्याशिवाय त्याची परीक्षा अपुरी! गाडी झाडून झाल्यावर त्याने चाचरत विचारलं, "आत्या... बसशील? डोंगराच्या पायथ्यापर्यंतच. मळमळलं की लगेच परत फिरू."

"नको रे, तिला त्रास कशाला!" भाऊ म्हणाला.

नाही म्हणावं हे तिला कळत होतं. पण पाय आधीच पायरीवर होता. तिने मनाशी ठरवलं, पहिल्याच वळणावर रुमाल तोंडाला लावायचा, डोळे मिटायचे, कण्हायचं. म्हणजे खोटंही राहील आणि पायथ्यापर्यंतची वाटही मिळेल. चोराने इतका विचार केला असता तर तो कधी सापडला नसता!

मधलं आसन पुढे दुमडून ती मागे सरकली. भाचा गाडी चालवायला, शेजारी भाऊ, मधे भावजय, सूनबाई आणि धाकटी नात, मागे दोन मोठ्या नाती आणि ती. गाडी निघाली. दुकानं गेली, तिची जुनी शिवणकामाची खोली गेली, शेवटची घरं गेली, आणि मग एकाएकी दोन्ही बाजूंनी मोकळी हिरवळ उलगडली, दूर निळे डोंगर, डोंगरावर ढगांच्या सावल्या... आणि ती विसरली! रुमाल मांडीवरच राहिला. पायथा आला, भाच्याने आरशातून विचारलं, "आत्या, परत फिरू?" आणि तिच्या तोंडून लहान मुलीसारखं निघून गेलं, "आणखी थोडं वर जाऊ या ना!"

चढ सुरू झाला. मऊ गाडी वळणावळणावर डोलायला लागली आणि मागच्या रांगेत हाहाकार उडाला. आधी मोठी नात ओकली, मग मधली. आत्या एकीचं कपाळ धरत होती, दुसरीची पाठ चोळत होती, पिशव्या बदलत होती, आणि मधेच म्हणत होती, "अगं, खाली बघ, नदी बघ केवढीशी दिसतेय!" मधल्या रांगेतली सूनबाईसुद्धा पांढरीफटक पडून बसली होती. आत्याचा चेहरा तेवढा फुलला होता.

माथ्यावर भाच्याने गाडी थांबवली. सगळे धडपडत खाली उतरले. त्याने सवयीने वही काढली. "मागची रांग... पाय ठेवायला काळीपेक्षा वीतभर जागा जास्त, वाऱ्याची झडप आहे. चाल मऊ. दोन मुलींना त्रास. आणि आत्याला..."

पेन थांबलं. त्याने मान वर केली.

"आत्या, तुला काहीच झालं नाही?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर वळले. "मी... मी गोळी घेतली होती ना रे."

"कुठली गोळी, आत्या?" सूनबाई भाबडेपणाने म्हणाली. "गोळ्यांचं पाकीट तर माझ्या पर्समध्ये आहे. फोडलेलंही नाही."

भाऊ सावकाश तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, खरं सांग."

किती वर्षांनी कुणीतरी तिच्याकडे खरं मागत होतं! तिने खूप प्रयत्न केला, पण दुसरं खोटं सापडेचना.

"नाही लागत रे मला गाडी. कधीच नाही लागली."

"मग... मग इतकी वर्षं?"

"जागा नव्हती."

दोनच शब्द! भावाच्या डोळ्यांत एकामागून एक वर्षं मागे जाताना तिला दिसत होती, आणि तो कुठे जाऊन थांबणार हेही तिला ठाऊक होतं. त्याला तिथे जाऊ देऊ नये म्हणून तिने त्याचा हात धरला. पण तो पोचलाच.

"म्हणजे आईच्या वेळी..." त्याचा आवाज फाटला. "ताई! आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती गं! थोरली आली का, थोरली आली का, असं विचारत होती... आणि मी तिला सांगत होतो, तिला गाडी लागते! मी परत येऊन तुझी समजूत घातली, तुझा नाइलाज होता म्हणून! बस होती ना, ताई... दुसऱ्या दिवशीची बस होती!"

"बसने आले असते तर तुला कळलं असतं, मी खोटं बोलले म्हणून. मग तू पुन्हा ती गाडी बाहेर काढली नसतीस. केवढ्या हौसेने आणली होतीस तू... मला वाटलं, आई बरी होऊन येईलच."

"एकदा, फक्त एकदा सांगायचंस!"

तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न त्याला जास्त लागला.

"सांगितलं असतं तर कुणाला उतरवलं असतंस, धाकट्या? बाबांना? तुझ्या दोन चिमण्यांना? सांग ना!"

साठीचा, गलेलठ्ठ, सगळ्यांना दटावणारा तो गृहस्थ रस्त्याच्या कडेला दगडावर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

भावजय पुढे आली. ती कमी बोलणारी, पण बोलली की स्पष्ट बोलणारी बाई. "ताई, मी दहा वेळा पाहिलंय तुम्हाला टांग्यात, रिक्षात, शेजाऱ्यांच्या गाडीत. तुम्हाला कधी काही झालं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." तिने ओठ चावला. "खरं म्हणजे मला कळून घ्यायचंच नव्हतं. घर सांभाळायला तुम्ही असायचात. आम्हाला ते सोयीचं होतं."

"असू दे गं," आत्या पुटपुटली. दुसरं काय म्हणणार! गेलेली वर्षं काही कुणाच्या पदरात परत टाकता येत नाहीत, आणि मिटलेले आईचे डोळे काही पुन्हा दाराकडे वळत नाहीत. सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते, सगळ्यांना काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं.

भाच्याने वही मिटली. मग रुक्ष आवाजात म्हणाला, "काळी गाडी चांगली आहे. वळणावर, ब्रेकला, बसायला, सगळ्यात सरस आहे. तसंच लिहीन मी. पण आपण पांढरी घेतोय."

"गाडी हातात आली, की दुसऱ्याच दिवशी निघायचं," भाऊ दगडावरूनच म्हणाला. "आठही जण. ताई आधी हातात घेईल बाळाला. ताईच्या आधी कुणी हात लावायचा नाही."

मग तो उठला, पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बस, ताई."

"अरे, तुझे गुडघे! मागे कसा मावशील तू?"

त्याने ऐकलं नाही. मधलं आसन दुमडून, एक हात छताला, एक हात नातीच्या खांद्याला देत, धापा टाकत तो शेवटच्या रांगेत खिडकीशी जाऊन बसला, जिथे सकाळी पोतं होतं. गुडघे छातीला टेकले होते. पुढे ती, समोर काचभर पसरलेला डोंगर, आणि उतार लागला.

थोड्या वेळाने मागून तिला तो आवाज आला, लहानपणापासून ओळखीचा, रडू दाबताना घशात अडकणारा. आयुष्यभर तो आवाज आला की ती हातातलं काम टाकून उठली होती. आताही तिचा हात पट्ट्याकडे गेला. पण मधे एक अख्खी रांग होती, गाडी धावत होती, आणि तिला त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

"आत्या, बरं वाटतंय ना?" भाच्याने विचारलं.

तिने डोळे पुसले.

"हो रे. जरा हळू घे वळणं... मागे धाकटा बसलाय."