एकोणतीस नंबरची उचकी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. ऋजुता माझी मावसबहीण. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

घडलं ते गेल्या नोव्हेंबरात, ब्रिस्टलमध्ये, जुन्या कागदपत्रांच्या एका संग्रहाच्या तळघरात. रात्रबित्र नव्हती. मंगळवार, दुपारचे तीन.

ऋजुता तिथे जुने कागद कॉम्प्युटरवर उतरवायची. त्या आठवड्यात हाती आलेली पेटी एका इंग्रज नर्सची होती. १९१५ साली तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची गावंच्या गावं वाळवंटाकडे हाकलली आणि वाटेत मारली. त्यातून वाचलेल्या बायांच्या जबान्या या नर्सनं लिहून घेतल्या होत्या.

साठ जबान्या.

नाव एकीचंही नाही. नावाच्या जागी नुसती रेघ.

मागे राहिलेल्या नातेवाइकांचे गळे कापले जाऊ नयेत म्हणून नर्सनं नावं गाळली आणि वेगळ्या यादीत लिहून ठेवली. माणसं जगावीत म्हणून लपवलेली नावं. आणि आज नेटवर बसलेले निर्लज्ज विचारतात, नावं कुठेत? नावं नाहीत, म्हणजे झालंच नाही.

असो.

एकोणतीस नंबरची जबानी चार ओळींची होती.

‘मुलगी सहा दिवसांची होती. तिला उचकी लागली होती. शिपाई चला, चला म्हणून मारत होते. मी तिला झुडपाखाली ठेवलं. वळणापर्यंत उचकी ऐकू येत होती.’

ऋजुतानं शेवटचा शब्द टाइप केला.

आणि मागून आवाज आला...

हिक्.

तिनं वळून पाहिलं. रॅक. पेट्या. भिंत.

हिक्.

बारीक. तान्ह्या बाळाची असते तशी.

“सारा, ऐकलंस का गं?”

सारा तिची सुपरवायझर. जन्म कॉव्हेंट्रीचा, मराठी आजीकडून उचललेलं, मोडकंतोडकं.

“रेडिएटर असणार. ही बिल्डिंग तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ढेकर देतो. आणि तुझी चहा थंड झाली बघ.”

ऋजुता हसायला गेली, आणि तिला छातीपाशी ओल जाणवली.

दूध.

ऑगस्टमध्ये तिची मुलगी गेली होती. पाच दिवसांची. दूध सुकूनही दोन महिने झाले होते.

मुलीच्या पायातल्या पट्टीवर नाव नव्हतं. ‘बेबी कर्णिक’, एवढंच. हॉस्पिटलातल्या नर्सनं दोनदा विचारलं होतं. बारसं बाराव्या दिवशी, त्याआधी नाव नको, असं घरचे सगळे फोनवरून म्हणाले. लंडनच्या एजवेअरहून मीही म्हणालो होतो.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. एकोणतीसचा कागद उघडला की...

हिक्. कधी कधी दोन, लागोपाठ.

शुक्रवारी तिला लहानपणचं आठवलं. उचकी लागली की कुणीतरी आपली आठवण काढत असतं. मग एकेकाचं नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं, की उचकी थांबते.

म्हणजे त्या बाळाच्या आईचं नाव हवं होतं.

पेटीच्या तळाशी नर्सची ती वेगळी यादी सापडली. अठ्ठावीस, मरियम. तीस, अरक्सी. मधल्या घडीवर कागद फाटलेला. एकोणतिसावी ओळच गेलेली.

“नाव उपलब्ध नाही, असं टाक,” सारा म्हणाली. “गेस नको करू, प्लीज. एक नाव खोटा निघाला, तर ते नेटवरचे लोक साठच्या साठ बायकांना खोटा म्हणतील.”

“मी टाइप नाही करत काही. नुसतं म्हणून बघते.”

सारानं तिच्याकडे पाहिलं, चहाचे मग उचलले आणि वर गेली.

ऋजुतानं यादी वाचायला घेतली. अनुश. मरियम. अरक्सी.

हिक्.

एकोणसाठ नावं संपली.

हिक्... हिक्...

आता घ्यायला नाव नव्हतं. तिच्या तोंडून आपसूक निघालं, “ऋजुता.”

उचकी थांबली.

रेडिएटरसुद्धा गप्प.

तीन महिन्यांत रडली नव्हती ती. फरशीवर बसून रडली. “तू होतीस होय गं,” एवढंच म्हणत राहिली.

आणि मग, सगळ्यात मागच्या रॅकखालून...

हिक्.

ही दुसरी होती. ही थांबली नाही.

कॅटलॉगमध्ये आज एकोणतीसपुढे ‘नाव उपलब्ध नाही’ असंच आहे. ऋजुताचं काम जानेवारीत संपलं. तरी दर शुक्रवारी ती तिथे जाते, मिळतील तिथून गोळा केलेली आर्मेनियन बायांची नावं वहीत लिहून. हळू आवाजात वाचते. चौथी वही चालू आहे. तिचा नवरा यतीन आता तिला अडवत नाही. बसस्टॉपवर सोडतो फक्त.

मागच्या महिन्यात मी सोबत गेलो. तासभर बसलो. काही नाही. मी उठून जिन्याकडे वळलो.

बाहेर आल्यावर म्हणालो, “ऋजू, मला नाही गं काही ऐकू आलं.”

ती वही पिशवीत ठेवत होती.

“वळणापर्यंत येतं ऐकू, दादा. तू लवकर वळलास.”