दोन कंसांमधली मोकळी जागा

सोबती केंद्राकडून उत्तर आलं, ते अंगाईगीत होतं.

शाल्मलीने ते शेवटपर्यंत ऐकलं. खाली मजकूर होता, ‘निनादबाळा, तुझ्यासारख्या तीन वर्षांच्या मुलांची सोबत आम्ही जुळवत नाही. मोठा हो, मग भेटू.’

निनाद हे तिच्या बाबांचं नाव. ते पृथ्वीवर रत्नागिरीला होते आणि त्यांना चांगली दाढी होती.

शाल्मली अकरा वर्षांची. चंद्राच्या ज्या बाजूवरून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या रेडिओ-वेधशाळेत (ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या केंद्रात) ती आई आणि आजोबांबरोबर राहायची. आजोबांना ती दाजी म्हणे. पृथ्वीचा गोंगाट पोचत नाही, म्हणून वेधशाळा इथे बांधली होती. शाल्मलीच्या मते इथे काहीच पोचत नव्हतं. तळावर दुसरं मूल नव्हतं. सोबती केंद्र दूरदूरच्या तळांवरच्या मुलांच्या जोड्या जुळवायचं, तेही वर्षातून एकदा. नावं घेण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

“काय निनादबाळ, दूध प्यायलास का?” दाजींनी दारातून विचारलं.

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दाजींनी खुर्ची ओढली. “बरं, चेष्टा बास. तू काय पाठवलं होतंस?”

पडद्यावर एक ओळ होती : कानविंदे शाल्मली निनाद ११ ३ गांडूळ

“बरोबरच तर आहे! आडनाव, माझं नाव, बाबांचं नाव. मग वय. आणि माझी तीन गांडुळं.”

“आपल्याकडे आडनाव आधी आणि बापाचं नाव शेवटी लिहितात, हे केंद्राच्या यंत्राला कुणी सांगितलं? त्याला वाटलं, मुलाचं नाव शेवटी. अकरा हा जन्ममहिना आणि तीन हे वय.”

“इतकं कळू नये त्याला?”

दाजींनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि तीन सारख्या पांढऱ्या पुड्या तिच्यापुढे ठेवल्या. कुठल्याच पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. “मीठ कुठलं, साखर कुठली, सोडा कुठला?”

“चाखून सांगते.”

“यंत्राला जीभ नाही, बाई. त्याला पुडीवर नाव लागतं.”

मग त्यांनी पडद्यावर लिहिलं :

<नाव>शाल्मली</नाव>

“कोनदार कंसातल्या या खुणेला टॅग (माहितीवर लावलेली चिठ्ठी) म्हणतात. पहिला टॅग सांगतो, इथून नाव सुरू. दुसऱ्यात तिरकी रेघ आहे, ती सांगते, नाव इथे संपलं. मधली ती माहिती. अशा खुणांनी माहितीचं वर्णन करणारी भाषा म्हणजे मार्कअप भाषा (मजकुरावर खुणा करून त्याचा अर्थ सांगण्याची पद्धत).”

शाल्मलीने लगेच खाली <नाव>निनाद</नाव> लिहिलं आणि थबकली. “दोन नावं झाली. पुन्हा तोच घोळ!”

दाजी आपल्या खोलीतून एक स्टीलचा डबा घेऊन आले. चंद्रावर येताना प्रत्येकाला अगदी थोडं सामान आणू देतात. त्यांनी हा डबा आणला होता. त्यात आणखी एक डबा होता, आणि त्या दुसऱ्यात एक डबी. सगळ्यात बाहेरच्या डब्यावर आजीचं नाव कोरलेलं होतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“डबीत लवंगा. आता ही डबी कुठल्या डब्यात आहे, ते पाहिलं की लवंगा कुणाच्या ते कळतं. टॅगच्या आत टॅग ठेवता येतो. मात्र आधी आतलं झाकण लावायचं, मग बाहेरचं.”

दाजी एकेक टॅग सांगत गेले आणि शाल्मलीने भराभर लिहून पाठवलं. यंत्र क्षणात उत्तरलं : ‘वडील बंद झालेले नाहीत.’

“तुझे बाबा एकदा बोलायला लागले की असंच होतं,” दाजी म्हणाले.

आता मात्र तिला हसू आलं. राहिलेलं झाकण तिने लावलं :

<मूल>
  <नाव>शाल्मली</नाव>
  <आडनाव>कानविंदे</आडनाव>
  <वय>११</वय>
  <वडील>
    <नाव>निनाद</नाव>
  </वडील>
  <पाळीव प्रकार="गांडूळ">३</पाळीव>
</मूल>

“तो ‘प्रकार’ म्हणजे गुणधर्म (टॅगमध्येच लिहिलेली जादा माहिती),” दाजी म्हणाले. “छान साधलास.”

“टॅगांची नावं मी काहीही ठेवू शकते?”

“हो. पण समोरच्यालाही ती ठाऊक हवीत. केंद्राने आपली नावं सूचनांमध्ये दिली होती. तू वाचली नाहीस.”

“लांबलचक होत्या.”

दाजी चहा ठेवायला गेले. शाल्मलीने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन लख्ख होतं, तरी आकाश काळंभोर. इथे हवा नाही, त्यामुळे भर दुपारीही आकाश निळं होत नाही. मग तिने शेवटच्या झाकणाआधी एक ओळ घातली. तो टॅग केंद्राच्या सूचनांमध्ये नव्हता :

<खिडकीतून_दिसतं>काळोख</खिडकीतून_दिसतं>

मुदत संपण्याआधी ओळी निघून गेल्या.

पुढचे काही दिवस ती गांडुळांना भाजीची देठं घालत राहिली. आई आली की आधी पडद्याकडे बघायची आणि मगच जेवायला बसायची. यंत्राला तो टॅग कळला नसेल, असं शाल्मलीला वाटू लागलं. ते खरंच होतं. यंत्राला तो कळला नव्हता. पण झाकणं नीट लावलेली होती, म्हणून त्याने तो न फोडता तसाच पुढे पाठवला होता.

एका सकाळी उत्तर आलं. मालवणपासून समुद्रात खूप आत, अगदी तळाशी असलेल्या संशोधन केंद्रातून.

<मूल>
  <नाव>मिथिल</नाव>
  <आडनाव>तांडेल</आडनाव>
  <वय>११</वय>
  <खिडकीतून_दिसतं>काळोखच. कधीतरी एक मासा.</खिडकीतून_दिसतं>
  <तुझी_गांडुळं_काय_म्हणतात></तुझी_गांडुळं_काय_म्हणतात>
</मूल>

शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली. डबी उघडली होती, झाकणही तयार होतं. आत काही नव्हतं.

“दाजी, हा काहीतरी विसरला.”

दाजींनी चष्मा लावून पाहिलं. “विसरला नाही. जागा ठेवलीय.”

शाल्मलीने खुर्ची पुढे ओढली आणि त्या मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली.