माणूस गाडीत हवा

आत्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कंपन्यांची तीन पत्रकं पसरली, चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि सकाळपासून चौथ्यांदा फोन कानाला लावला. उद्या सकाळी सहाला निघायचं होतं. साडेपाचशे किलोमीटर, एकटीने, आणि तेही बावीस वर्षांच्या गाडीतून. वाटेत बंद पडली तर कोणीतरी धावून येईल असं एखादं ब्रेकडाउन कव्हर घ्यावं, एवढीच साधी गोष्ट होती. पण साध्या गोष्टीच माणसाचा अंत पाहतात.

आत्या तशा एकाच पोरीच्या आत्या. पण ती पोर लहानपणी शाळा सुटली की थेट हॉस्पिटलात यायची आणि एक्स-रेच्या खोलीबाहेर बसून "आत्या, झालं का गं?" असं ओरडायची. त्यामुळे शिपायापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळेच त्यांना आत्या म्हणायला लागले. एकतीस वर्षं त्यांनी लोकांची हाडं पाहिली. फिल्मवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, हा त्यांचा खाक्या. एकाही पेशंटच्या फिल्मवर त्यांनी डाव्याचं उजवं केलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

ती पोर आता बाळंत व्हायची होती. परवा सकाळी आठला ऑपरेशन ठरलं होतं. नवरा जहाजावर, महिनाभर तरी किनाऱ्याला लागायचा नव्हता. त्यातून पोरीच्या मनात भीतीने घर केलेलं, कारण तिची स्वतःची आई तिला जन्म देतानाच गेली होती. तिला वाढवलं ते बापाने आणि आत्यांनी मिळून. बाप म्हणजे आत्यांचा दादा, धंद्याने सुतार. तोही चौदा महिन्यांपूर्वी गेला. "तू दारात उभी दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही," भाची फोनवर म्हणाली होती. हट्टाने नव्हे. तिचा आवाज कापत होता.

बसने जाता आलं असतं. पण पाळणा होता ना! दादाने तो भाचीच्या लग्नाच्या वर्षीच करून ठेवला होता. "अरे, अजून कशात काही नाही," म्हणून आत्या तेव्हा हसल्या होत्या. दादा म्हणाला होता, "लाकूड मुरायला वेळ लागतो. आणि हे बघ, हा पाळणा मी स्वतः पोचवणार. ट्रकवाल्यांच्या हाती देणार नाही, आपटतील कुठेतरी." पाळण्याचा एक सांधा कुरकुरायचा. तेल घाल म्हटलं तर दादा मान हलवायचा. "राहू दे. मुद्दाम ठेवलाय. झोका थांबला की बाहेरच्या खोलीत कळतं."

तो पाळणा मावेल अशी गाडी एकच, दादाचीच. लांब पाठीची, मातकट रंगाची. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. गल्लीतल्या मेकॅनिकने तासभर तिच्या पोटाखाली काढला आणि हात पुसत बाहेर आला. "आत्या, इंजिन खणखणीत आहे. पाण्याचा पाइप तेवढा जुना झालाय, आणि त्या मापाचा आता मिळत नाही. तुम्ही कव्हर घ्याच."

पहिल्या कंपनीने गाडीचं वय ऐकूनच हात जोडले. दुसरी शहराच्या वेशीबाहेर येत नव्हती. तिसऱ्या कंपनीची फोनवरची मुलगी मात्र गोड बोलत होती.

"मॅडम, इतक्या जुन्या गाडीला आम्ही गाडीचं कव्हर देत नाही. पण व्यक्तीचं देतो. ती व्यक्ती कुठल्याही गाडीत असो, गाडी बंद पडली की आम्ही येतो. अट एकच, माणूस गाडीत हवा. आमचा मेकॅनिक त्याला बघतो, सही घेतो, मगच गाडीला हात लावतो."

"मग द्या की. मीच तो माणूस."

"देते ना. फक्त नवीन कव्हर अठ्ठेचाळीस तासांनी सुरू होतं."

आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, अठ्ठेचाळीस तासांनी माझ्या मांडीवर नातवंड असेल!"

मुलगी हसली. मग तिने गाडीचा नंबर विचारला आणि थोडा वेळ नुसता टकटक आवाज आला. "मॅडम, या गाडीवर एका व्यक्तीचं कव्हर आधीच नोंदलेलं दिसतंय. पाच वर्षांचं घेतलंय, अजून दोन बाकी आहेत." आणि तिने दादाचं नाव वाचून दाखवलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

चौदा महिन्यांत ते नाव कोणी असं, जिवंत माणसाचं घ्यावं तसं घेतलं नव्हतं.

"रद्द करायचं असेल तर त्यांनी स्वतः फोन करायला हवा," मुलगी सांगत होती. "दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून आम्ही करत नाही. पण ते बरोबर असतील तर तुम्हाला उद्यासुद्धा हेच चालेल. येतायत ना ते?"

दादाच्या मृत्यूचा दाखला कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता. तेच सांगायला हवं होतं. पण ते शब्द आत्यांना तोंडातून काढवेनात, आणि काढवत नाहीत म्हणून स्वतःचाच राग आला. "हो हो, येतोय," त्या फाडकन म्हणाल्या. "माझ्या शेजारीच बसणार आहे. घ्या लिहून."

"घेतलं, मॅडम. प्रवासी दोन. आणि तुमचंही नवीन कव्हर नोंदवून ठेवते, परतीला उपयोगी पडेल. सांभाळून जा."

फोन ठेवला आणि आत्यांना लाज वाटली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागदावर खोटी नोंद करवली होती. "बघ दादा, तुझ्यापायी खोटं बोलले," त्या टेबलाकडे बघत पुटपुटल्या आणि उठून पोळ्यांचा डबा शोधायला लागल्या.

सकाळी त्यांनी गाडीचं दार उघडलं तर डावी सीट पार मागे सरकवलेली होती. दादा सहा फुटांच्या वर, त्याचे गुडघे मावायचे नाहीत म्हणून तो ती अशीच ठेवायचा. काल संध्याकाळी पाळणा चढवायला मेकॅनिक आला होता, त्यानेच केलं असणार. आत्यांनी सीट पुढे ओढली, वर आपली पर्स ठेवली आणि म्हातारीला चावी लावली. ती एका फटक्यात सुरू झाली.

पहिले दोन तास झकास गेले. गाडीत ताज्या तासलेल्या लाकडाचा वास भरला होता. पाळणा मागेच होता, त्यामुळे वास येणारच. तो तीन वर्षं जुना आहे, हे आत्यांच्या मनात आलं आणि त्यांनी काच खाली केली. डाव्या बाजूची काच खाली होत नव्हती. दादा होता तेव्हापासूनच ती अडकलेली.

पुढे उतार लागला. म्हातारीने वेग घेतला, आणि डाव्या दारावर दोन टिचक्या वाजल्या. टक, टक.

दादा असंच करायचा. भाचीला गाडी शिकवताना, आत्यांना शिकवताना, तोंडाने कधी म्हणून ओरडायचा नाही. सावकाश, म्हणून दारावर दोन टिचक्या. जुनी गाडी शंभर ठिकाणी वाजते, आत्यांनी स्वतःला समजावलं. पण पाय मात्र ब्रेकवर आपसूक गेला.

पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्याने चाकं तपासली. "डाव्या पुढच्यात जरा जास्त ठेवलीय," तो म्हणाला. "त्या बाजूला वजन आहे ना."

"पाळणा आहे तो," आत्या म्हणाल्या.

"पाळणा मागे आहे, बाई." तो पुढच्या गाडीकडे गेला.

आत्या गाडीत येऊन बसल्या. डावी सीट पुन्हा मागे गेली होती. पर्स खाली, पायाशी, नीट उभी करून ठेवलेली. खटका झिजला असेल, त्यांनी ठरवलं. त्यानंतर मात्र त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. मान अवघडली होती, दुसरं काही नाही.

दुपारी पावणेतीनच्या सुमाराला रस्ता सरळसोट होता. दोन्हीकडे वाळलेलं गवत, झाड म्हणून औषधाला नाही. समोरून एक मोठा ट्रक येत होता. आणि दारावर टिचक्या सुरू झाल्या. दोन नाहीत. टक टक टक टक, थांबायचं नावच नाही.

आत्यांनी गाडी कडेला घेतली. चाकं थांबली न थांबली तोच फट्कन आवाज झाला आणि समोरची काच वाफेने पांढरी झाली. काही म्हणजे काही दिसेना. ट्रक शेजारून भणाणत निघून गेला.

त्यांनी उतरून बॉनेट उघडलं. पाण्याचा पाइप उभा फाटला होता. फोनला रेंज नव्हती. अजून एकशे ऐंशी किलोमीटर बाकी होते. उद्या आठ वाजता ती पोर दाराकडे बघत राहील, आणि दारात कोणी नसेल. त्या विचाराने मात्र आत्यांचा धीर सुटला. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या.

दहा मिनिटांत समोरून पिवळी व्हॅन आली. टोपी घातलेला एक पोक्त मेकॅनिक उतरला. हातात काळा रबरी पाइप होता.

"पाण्याचा पाइप ना? हे माप शोधायला दोन दुकानं पालथी घातली, म्हणून उशीर झाला. माफ करा."

"तुम्हाला कळवलं कोणी?"

"ज्यांचं कव्हर आहे त्यांनीच. सव्वा वाजता फोन आला त्यांचा."

आत्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती. सव्वा वाजता म्हातारी ठणठणीत चालत होती.

"हे बघा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगते. मी काल खोटं बोलले. ज्यांचं कव्हर आहे, ते..."

मेकॅनिकचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तो त्यांच्या खांद्यावरून गाडीकडे बघत होता. त्याने ओळखीचं हसून हात वर केला.

"राहू द्या, त्यांना उतरवू नका. एवढ्या उन्हात कशाला? मीच जातो सहीला."

तो कागद लावलेली पाटी घेऊन गेला.

आत्या गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

काच खाली जाण्याचा आवाज आला. डाव्या बाजूची.

मेकॅनिक काहीतरी बोलला. मग गप्प राहिला. मग हसला.

"छे छे," तो म्हणाला, "पाळण्याला धक्का नाही लागू देत."

आत्यांना वळायचं होतं. मान वळेना. दिसला तर काय, ही भीती नव्हतीच. नाही दिसला तर काय, ही होती.

वीस मिनिटांत काम झालं. मेकॅनिकने कागदाची प्रत त्यांच्या हातात दिली. "पेन पुढे केलं तर नको म्हणाले. कानामागची स्वतःची पेन्सिल काढली."

सही दादाची होती. सुताराच्या चपट्या पेन्सिलीची, जाड, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली.

व्हॅन दिसेनाशी झाल्यावर आत्या गाडीत बसल्या. शेजारची सीट रिकामी होती. काच अर्धी उघडी होती आणि तिच्यातून वारा येत होता. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "चल, दादा," त्या म्हणाल्या, आणि पुढचे तीन तास चौदा महिन्यांचं सगळं बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या दारात उभ्या होत्या. भाचीने स्ट्रेचरवरून मान वळवून पाहिलं आणि मग डोळे मिटले. पाऊण तासाने आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी, भाचीच्या घरी, आत्या चहा टाकत होत्या. भाची स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात होतं. घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तीच गोड मुलगी.

"मॅडम, तुमचं स्वतःचं कव्हर केव्हाच चालू झालंय, एवढंच सांगायचं होतं. आणि गाडीवरचं जुनं काढून टाकलंय."

"कोणी सांगितलं काढायला?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"त्यांनी स्वतःच. आत्ता, दहा मिनिटं झाली असतील. मी म्हटलं, अजून दोन वर्षं आहेत की. तर म्हणाले, आता नको, पोचलो." मुलगी हसली. "इतकं हळू बोलत होते, मॅडम! मी मोठ्याने बोला म्हटलं, तर म्हणाले, पोर झोपतेय. आणि मागे सारखं काहीतरी कुरकुरत होतं."

आत्यांनी फोन खाली ठेवला. गॅस बारीक केला.

भाची कप हातात धरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "झोका तू देऊन आलीस ना?"

आतून आवाज येत होता. कर्र. थोडं थांबून, पुन्हा कर्र. एका लयीत.

"चहा निवतोय तुझा," आत्या म्हणाल्या. "पी आधी."

दोघी ऐकत राहिल्या. सुटा पाळणा हळूहळू मंदावत जातो, आवाज लहान लहान होत विरतो. हा तसा मंदावला नाही. मध्येच एकदम थांबला, कोणी हाताने अलगद धरावा तसा.