अडकलेली तारीख

तिकोणा पेठेतल्या गुलाबांच्या पॉलिहाउसवर मी प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. निघताना मागून हाक आली.

"ओ प्रिंटरवाले, जरा ह्यो कंप्युटरचा पडदा बी बगा की."

तेजल. कोल्ड रूमचं तापमान सांभाळणं तिचं काम. पडद्यावर चार दिसत होतं. तिनं त्या चौकटीवरून माउस फिरवला... अकरा!

"हात फिरवल्याबिगर खरं सांगत न्हाई. काल जेवाय गेले, तेवढ्यात दोन पेट्या कळ्या उमलल्या. परत उमलल्या तर मालक मला घरी बसवणार."

मी प्रोग्राम उघडला. आकडा आत बदलत होता, पण 'आता नव्यानं दाखव' असं पडद्याला कुणी सांगतच नव्हतं. ती एक ओळ राहिली होती. मी लिहिली.

तिनं खोलीची थंडी वाढवली आणि हात मागं बांधून बघत राहिली. अकरा... दहा... नऊ.

"बदलतंय!" ती म्हणाली आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली.

खालच्या तारखेच्या चौकटीलाही तोच आजार होता. मला दिसलं. मी तसंच ठेवलं.

"तारीख अडकली तर... फोन करा."

तिनं रोज केला. लोणावळ्याहून मी रोज गाडी काढायचो, उगीच काहीतरी टाइप करायचो. नवव्या दिवशी ती म्हणाली, "तुमाला जमंना, का करायचंच न्हाई?"

"करायचं नाही," मी खरं सांगितलं. "केलं तर यायचं कशाला?"

"ठाऊक हाय. तापमान अर्ध्या तासात केलंत की."

"मग रोज फोन का करत होता?"

ती पेटीवर चिकटपट्टी लावत राहिली. "तुमी यावं म्हणून. आता घरी या, माज्या आबांना इचारा. तितं कंप्युटर न्हाई, सबब चालायची न्हाई."

सहा वर्षं संसार झाला. शेवटपर्यंत मला प्रिंटरवालेच म्हणायची. गेल्या माघात ती आजारानं गेली.

पॉलिहाउसवाल्यांनी तो जुना संगणक मोडीत काढला, तो मी मागून आणला. बंद करत नाही. सकाळी त्यावर कालचीच तारीख असते. मी माउस फिरवतो, आजची येते. मग चहा ठेवतो.

एका ओळीचं काम आहे. तेव्हा केलं नाही, म्हणून ती मिळाली. आता तर करणारच नाही.