आतून फुटणारी काच

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हणून सुरुवात करणारा माणूस पुढे काय करतो ते मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट आमच्या थोरल्या साडूंच्या बाबतीत घडली, आणि साडूंना भूत रचता येणं शक्य नाही. त्यांच्याकडे तेवढी कल्पनाशक्तीच नाही. सिनेमात नायिका दरीत पडते तेव्हा हे तिच्या गाडीची मागची काच कुठल्या मापाची होती ते सांगतात.

अमावस्या नव्हती. वारा घोंघावत नव्हता. कुत्री रडत नव्हती. भयकथेला लागणारं काहीही त्या जागी नव्हतं.

थंडीतली दुपार होती. लख्ख ऊन. मोठ्या रस्त्याच्या कडेला साडूंचं गाड्यांच्या काचांचं दुकान. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ‘लवकरच सुरू होत आहे’ अशी पाटी लावून कायमचं बंद असलेलं दुकान.

तिथे ती गाडी तिसऱ्यांदा आली.

आधी पहिल्या दोन वेळांचं सांगतो.

पहिल्यांदा गाडी घेऊन एक मिशीवाला गृहस्थ आला. पांढरी, उंच मालवाहू व्हॅन. लॉन्ड्रीची. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल न्यायचे, धुऊन परत पोचवायचे. पुढे ड्रायव्हर, मध्ये पत्र्याची आडभिंत, मागे माल. मालाच्या भागाला डावीकडे एकच काच होती. ती फुटली होती.

“भावाची गाडी,” मिशीवाला म्हणाला. “भाऊ गेला दिवाळखोर करून... म्हणजे आम्हाला. आता वहिनी चालवते. रात्री कुणीतरी दगड मारला असणार.”

साडूंनी नेहमीप्रमाणे आधी आतून झाडू मारला. बाजूची काच फुटली की तिचा जाड मिठासारखा चुरा होतो. तो फटीत जातो, बिजागरीत जातो, माणसाच्या चपलेत जातो. वर्षभर निघत राहतो.

आत एक दाणा निघाला नाही.

एकसुद्धा...

सगळा चुरा बाहेर, गाडी रात्री उभी होती तिथल्या फरशीवर पडला होता म्हणे.

“मग दगड मारणारा आत बसला होता,” साडू म्हणाले. हा विनोद नव्हता. ते विनोद करत नाहीत.

आता ही काच बसवतात कशी, ते सांगायला हवं. काचेला भोवती रबर चढवायचं. रबराच्या खाचेत दोरी घालायची आणि दोरीची दोन्ही टोकं आत सोडायची. मग एकाने आत बसून दोरी ओढायची. दोरी सुटत येते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. त्याच वेळी दुसऱ्याने बाहेरून दोन्ही तळवे टेकवून काच दाबून धरायची. दोन माणसांशिवाय हे होत नाही. आत साडू, बाहेर मेव्हणीबाई.

“एवढ्या वर्षांच्या संसारात हे माझ्याकडे नीट बघतात ते काच बसवताना,” असं मेव्हणीबाई म्हणतात. “तेसुद्धा माझ्याकडे नाही, रबराकडे.”

ह्या गाडीत आणखी एक भानगड होती. सरकतं दार उघडलं की ते मागे जाऊन नेमकं त्या काचेवर येई. म्हणून काम करताना दार लावून घ्यावं लागे. आणि आतली कडी तुटलेली. मागच्या दारांना तर कपड्यांची लोखंडी मांडणीच ठोकलेली. म्हणजे आत बसलेला माणूस बाहेरच्याने दार उघडेपर्यंत आतच.

काच बसली. गाडी गेली.

पंधरवडा झाला असेल नसेल, मिशीवाला परत.

“काच हलकी घातलीत, शेठ.”

साडूंना कुणी त्यांच्या खानदानावरून बोललं तर ते ऐकून घेतात. काचेवरून नाही. पण ते बोलले नाहीत, कारण ते आत वाकून बघत होते. आत दाणा नव्हता. रबर बाहेरच्या बाजूला फाटलं होतं. कुणीतरी आतून रेटावं तसं...

त्यांनी दुसरी काच बसवली. मेव्हणीबाईंनी दार उघडलं, साडू बाहेर आले, दार लावलं. मिशीवाला सिगारेट आणायला टपरीवर गेला होता. मेव्हणीबाई नळावर हात धूत होत्या.

ठक... ठक...

“आत कुणाला ठेवलंत?”

“कुणाला ठेवू?”

“मग ठोकतंय कोण?”

साडूंनी दार उघडलं. रिकामी मांडणी. धुतलेल्या कापडाचा वास. बाकी कुणी नाही. दार लावलं.

ठक... ठक... ठक ठक ठक ठक...

मेव्हणीबाईंनी साबण खाली ठेवला. “ऐका. ह्या गाडीला मी पुन्हा हात लावणार नाही. वाटल्यास दुसरं लग्न करा आणि तिला दाबायला उभं करा.”

म्हणून तिसऱ्यांदा गाडी आली त्या दुपारी साडू एकटे होते. मेव्हणीबाईंनी गाडी रस्त्यावरून वळताना पाहिली आणि त्या सरळ टायरवाल्याच्या बायकोकडे जाऊन बसल्या.

या वेळी मिशीवाला नव्हता. एक बाई उतरल्या. चाळिशीच्या. हाताची बोटं साबणाने पांढरी पडलेली, केस घट्ट बांधलेले.

“दादा, ही काच शेवटची. आता फुटली तर दीर गाडी विकणार आहेत. त्यांनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय.”

“विकू दे की वहिनी,” साडू म्हणाले. “त्रासच आहे गाडी म्हणजे.”

“नाही विकायची मला.”

“का?”

बाई स्टुलावर बसल्या.

“तुम्हाला ऐकू आलंय ना ते?”

साडूंनी उगाच एक रबर उचलून बघितलं. “आलं.”

“आमच्या ह्यांची सवय होती. दोन हॉटेलांच्या मधल्या वाटेत हे मागे बसून टॉवेलांच्या घड्या घालायचे. तेवढाच वेळ वाचतो. बाहेरून दार मी लावायची. मग हे आतून काचेवर दोनदा मूठ मारायचे. म्हणजे मी बसलो, चल. मी पुढे जाऊन गाडी सोडायची. इतकी वर्षं असंच.”

“हं.”

“त्या दिवशी दार लावलं. दोनदा ठोकलं ह्यांनी. मी निघाले. थोडं पुढे गेले तर परत ठोकलं. मला वाटलं, घाई करतायत. नेहमीच करायचे. मी पुढून ओरडले, ‘आता काय पंख लावू गाडीला?’ परत ठोकलं. मी रेडिओ मोठा केला. परत ठोकलं... मग मी चिडून जोरात चालवली, दादा. सिग्नल तोडले मी.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत बाई थांबल्या.

“हॉटेलच्या मागच्या गेटला दार उघडलं. चादरींवर पडलेले होते. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. लगेच थांबला असता तर... असंही म्हणाले. डॉक्टरला काय, बोलून मोकळा.”

साडूंनी नळाकडे बघितलं. ते म्हणाले, “पाणी देऊ?”

“गेले ह्याचं दुःख आहेच. पण मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. मागे पडल्या पडल्या ह्यांना काय वाटलं असेल? त्यांना पुढून माझा आवाज ऐकू येत होता. म्हणजे त्यांना कळलं असणार की मला त्यांचं ठोकणं ऐकू येतंय. ऐकू येतंय आणि बायको थांबत नाही. उलट पळवते. हेच मनात धरून गेले असतील का हो?”

साडूंनी हातातलं रबर खाली ठेवलं.

“ते आत आहेत. ठोकतात. मला कळत नाही ते रागाने ठोकतात की कसे. गाडी विकली तर मी विचारू कुणाला?”

साडू उठले. त्यांनी काचेला रबर चढवायला घेतलं. साबणाचं पाणी लावलं. दोरी घातली. मग त्यांच्या लक्षात आलं, बाहेरून दाबायला माणूस नाही.

“मी दाबते,” बाई म्हणाल्या.

काच जागेवर टेकवून झाली. साडू आत गेले. खाली बसले. बाई दाराशी उभ्या राहिल्या... आणि उभ्याच राहिल्या.

“लावा दार, वहिनी.”

“नाही लावत.”

“अहो, काच बसणार कशी?”

“मी ह्या दारात कुणाला कोंडणार नाही परत.”

“पाच मिनिटांचं काम आहे. मला काही होत नाही. बायको म्हणते, मला काही होण्याइतकं मला कळतच नाही.”

बाई किंचित हसल्या. हसताना त्यांचे डोळे भरले. त्यांनी दार सरकवलं.

खट्.

आत अंधारलं. उजेड फक्त काचेतून येत होता. बाई फिरून काचेपाशी आल्या. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर टेकवले. साडूंनी दोरी दोन्ही हातांत धरली आणि ओढायला सुरुवात केली. खालची बाजू बसली. एक कोपरा बसला. वर चढले...

आणि गार वाटलं.

नुसतं गार नाही. आपल्या आणि काचेच्या मध्ये कुणी येऊन बसल्यावर ऊन अडतं, तसं गार.

साडूंनी मान वर केली नाही. हात थांबवले नाहीत. दोरी ओढत राहिले. दोरीचं टोक त्यांच्या हातात सुटून आलं, म्हणजे काच बसली.

“झालं, वहिनी! उघडा!”

बाई हलल्या नाहीत.

साडूंनी आता वर बघितलं. बाईंचा चेहरा काचेला लागला होता. त्या साडूंकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर साडूंपर्यंत पोचतच नव्हती. अलीकडेच थांबली होती. हातभर अलीकडे...

तिथे काचेवर आतून वाफ धरली होती.

श्वास सोडल्यावर धरते तशी. थोडी विरायची. परत धरायची. विरायची. परत धरायची...

साडूंनी स्वतःचा श्वास कोंडून बघितला. वाफ येतच राहिली.

बाईंचे ओठ हलत होते. काचेतून शब्द येत नव्हते. त्या बोलत होत्या, बोलत होत्या. मध्येच लहान मुलासारखं तोंड वेडंवाकडं झालं, तरी बोलत राहिल्या. मग थांबल्या. कान काचेला लावला.

किती वेळ गेला ते साडूंना सांगता येत नाही. त्यांना एवढंच आठवतं की आपण कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो. भीतीने नाही. नवरा-बायकोच्या बोलण्यात परका माणूस बसतो तसं.

मग वाफ यायची थांबली. ऊन परत त्यांच्या गुडघ्यावर आलं.

दार सरकलं.

बाईंनी साडूंकडे पाहिलंही नाही. त्या नळाकडे गेल्या आणि ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारत राहिल्या.

आणि इथे साडूंनी जे केलं, ते फक्त साडूच करू शकतात.

काच बसवली की ती पुसायची. आधी आतून, मग बाहेरून. चाळीस वर्षं हात हेच करत आलेत, डोक्याला विचारतही नाहीत. खिशातून फडकं निघालं. हात काचेवरून फिरला. एकदा. दोनदा.

फडकं ओलं लागलं.

आतून साबणाचं पाणी कधीच लावत नाहीत...

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. काचेच्या कडेला, फडकं पोचलं नव्हतं तिथे, एक धूसर वाटोळी कड उरली होती. काहीतरी टेकल्याची. बाहेरून बाईंचा डावा तळवा जिथे होता, बरोब्बर त्याच्या समोर. आणि साडूंचे स्वतःचे हात तर सगळा वेळ दोरीत होते.

“दादा.”

बाई दारात उभ्या होत्या. तोंडावरून पाणी ओघळत होतं. त्यांची नजर साडूंच्या हातातल्या फडक्यावर गेली.

“मी सगळं सांगितलं त्यांना,” त्या म्हणाल्या. “मला काच ऊन लागली हाताला. मग समोर काहीतरी टेकलं. वाफेत मला नीट दिसलं नाही. आता बघू म्हटलं...”

साडूंनी फडकं पाठीमागे नेलं.

“तुम्ही पुसायच्या आधी बघितलंत ना? काय टेकलं होतं? मूठ होती का पंजा?”

साडू काचेवर उरलेली कड बघत राहिले.

“सांगा ना, दादा. मूठ होती, का पंजा?”

“पंजा,” साडू म्हणाले.

“उघडा?”

“उघडा. पाची बोटं. तुमच्या हातावर हात ठेवल्यासारखा.”

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. आतून काहीतरी सुटून खाली बसावं तसे त्यांचे खांदे उतरले. मग त्या रडल्या, पण आधीसारख्या नाही. साडू म्हणतात, ते रडणं ऐकवत होतं.

गाडी घेऊन त्या गेल्या. हळू चालवत.

ही काच आजतागायत शाबूत आहे. दिराने गिऱ्हाईक परत पाठवलं. हॉटेलवाले म्हणतात, बाई आता वाटेत मध्येच गाडी बाजूला घेतात, दोन-चार मिनिटं थांबतात आणि मग निघतात. का थांबतात, कुणी विचारत नाही.

हे सगळं साडूंनी मला सांगितलं ते आमच्या गच्चीवर, कपडे वाळत घातलेले होते तिथे. मी म्हटलं, “चांगलंच झालं की मग.”

ते वाळत घातलेल्या चादरीची कड चाचपत राहिले.

मेव्हणीबाईंकडून कळतं, दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे एक सुटी काच उभी करतात. तिच्यावर तोंडाची वाफ सोडतात. त्यावर मूठ टेकवतात. मग फडक्याने पुसत पुसत कडेपर्यंत येतात, थांबतात आणि उरलेली कड वाकून बघतात. मग परत वाफ सोडून पंजा टेकवतात. परत पुसतात. परत बघतात.

दोन्हींची कड सारखीच दिसते.